तळ्याचा श्वास

सव्वाबारा वाजले होते आणि वसाहतीच्या बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी या वेळी तिथे एक झोपलेलं कुत्रं आणि चार रिकामे बाक असायचे. आज बाकांवर माणसं उभी होती, आणि कुत्र्याला कोणी विचारत नव्हतं. सगळ्यांच्या माना मधल्या तळ्याकडे वळल्या होत्या. तळं म्हणजे काय, दहा पावलांत संपेल एवढं सिमेंटचं टाकं.

काठावरच्या सपाट दगडावर श्वासबाबा बसले होते. हातात वेताची लांब काठी.

"महिन्यापूर्वी मी इथं आलो तेव्हा हे पाणी कसं होतं?"

"हिरवं!" गर्दी ओरडली.

"मेलेलं होतं. आता तळ दिसतो की नाही?"

"दिसतो!"

"मेलेल्या पाण्यात प्राण कोणी फुंकला?"

उत्तर सगळ्यांना पाठ होतं. बाबांनी गाल फुगवले, काठीवर फुंकर घातली, ती पाण्यात बुडवली आणि हळूच फिरवली. तळातून चंदेरी बुडबुड्यांच्या माळाच्या माळा वर आल्या. पाणी क्षणभर उकळल्यासारखं झालं. बायकांनी हात जोडले, पुरुषांनी मोबाइल वर धरले.

सगळ्यांत मागे छत्री धरून एक बाई उभी होती. कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेऊन निवृत्त झालेली. तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. तिने बुडबुड्यांकडे एकदा पाहिलं, आकाशाकडे एकदा पाहिलं, आणि डायरीत लिहिलं: 'बुधवार. कडक ऊन. चमत्कार झाला.' त्याच्या वर लिहिलेलं होतं: 'मंगळवार. ढग. बाबांचं मौन.' त्याच्याही वर: 'सोमवार. ढग. बाबांचं मौन.'

मग तिने पहिल्या रांगेत पाहिलं. तिथे तिची थोरली नणंद रिकामी बाटली घेऊन तळ्याचं पाणी मिळण्याची वाट पाहत उभी होती. नणंदेला वीस वर्षांचा दमा. बाबांनी तिला सांगितलं होतं, "या पाण्यात प्राणवायू आहे. एकवीस दिवस हेच प्या आणि दम्याच्या पंपाला हात लावू नका." आज नववा दिवस होता.

घरी परतताना नणंद जिन्यात तीनदा थांबली. पूर्वी एकदाही थांबायची नाही.

"वन्सं, छाती वाजतेय तुमची. इथून ऐकू येतंय."

"रोग बाहेर पडतोय," नणंद धापा टाकत म्हणाली. "बाबा म्हणाले होते, आधी वाढेल."

"रोग बाहेर पडताना एवढा आवाज करत नाही. निदान रात्रीपुरता तरी पंप घ्या."

"म्हणजे नऊ दिवस पाण्यात घालवू?"

"पाण्यातच गेलेत ते."

"तुझं हे असं. सगळ्यालाच फाटे." नणंद कठड्याला धरून दोन पायऱ्या चढली. "त्या पाण्यात प्राणवायू नाही, असं म्हण बरं छातीवर हात ठेवून."

"आहे ना! भरपूर आहे. पण तो पोटात जाऊन काय करणार? आपल्याला कल्ले नाहीत, वन्सं."

नणंदेने नुसता हात झटकला. बोलायला दम लागतो.

तो प्राणवायू पाण्यात कुठून आला, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. कारण तो त्यांनीच घातला होता. तीन महिन्यांपूर्वी वसाहतीच्या अध्यक्षांनी त्यांना तळ्यासाठी झाडं निवडायला सांगितलं होतं. अध्यक्षांना कमळं हवी होती, आणि जमल्यास जलपर्णी, तिला जांभळी फुलं येतात म्हणून. बाई म्हणाल्या, कमळाला हे टाकं पुरायचं नाही, आणि जलपर्णी आणलीत तर वर्षभरात पाणी शोधावं लागेल. त्यांनी काठाच्या उथळ पायरीवर वेखंड आणि ब्राह्मी लावायला सांगितली: टोपल्यांत माती, वर बारीक खडीचा थर, म्हणजे माती पाण्यात उतरून गढूळ होत नाही. आणि तळाशी, पूर्ण पाण्याखाली, दाट मऊ पानांची एक वनस्पती. माळीदादा तिला 'कोल्ह्याची शेपटी' म्हणायचे.

"पाण्याखाली?" अध्यक्ष म्हणाले होते. "म्हणजे दिसणार नाही? न दिसणाऱ्या गोष्टींवर समिती कशी विश्वास ठेवणार?"

तरीही माळीदादांनी चाळीस जुड्या खड्यांना बांधून तळाशी सोडल्या. मासे कोवळी पानं कुरतडतात, म्हणून बाईंनी ते टाकू दिले नाहीत. झाडं रुजली. हिरव्या पाण्यातलं बारीक शेवाळ ज्या खतावर जगत होतं, ते खत ही झाडं खाऊ लागली. शेवाळाची उपासमार झाली, पाणी निवळायच्या बेताला आलं. दोन महिने हे सगळं मुकाट्याने चाललं होतं. मग बाबा आले. आयत्या बिळावर नागोबा.

संध्याकाळी बाईंनी अध्यक्षांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, झाडं लावून पाणी स्वच्छ होत असेल, हो. पण बुडबुडे? बाबांनी काठी फिरवली की येतात, नाही फिरवली तर नाही येत. डोळ्यांनी पाहिलंय मी."

"मीही पाहिलंय. म्हणून तर तुमची परवानगी हवीय. तळ्यावर ताडपत्री टाकायची आहे. अर्ध्याच."

"कशाला?"

"कचरा पडतो," बाई म्हणाल्या. तो पडतच होता.

गुरुवारी दिवसभर बाबा बाहेरगावी होते. माळीदादांनी सकाळीच बाबांच्या दगडाकडचं अर्धं तळं काळ्या ताडपत्रीने झाकलं. शुक्रवारी ऊन लख्ख पडलं. बाबांची गाडी फाटकाशी दिसली तशी माळीदादांनी ताडपत्री ओढून घेतली, घडी घातली आणि तिच्यावर बसून राहिले.

बाबांनी नेहमीचे प्रश्न विचारले, गर्दीने नेहमीची उत्तरं दिली. फुंकर झाली. काठी पाण्यात गेली, फिरली.

काही झालं नाही.

बाबांनी पुन्हा गाल फुगवले. काठी खोल गेली, तळाला लागली. एक मोठा बुडबुडा वर आला, फुटला, आणि पुढच्या दोन रांगांनी नाकाला पदर लावला. चिखलातला वायू होता तो.

"इथं कोणीतरी संशयी आहे," बाबा म्हणाले. "संशयाने प्राण कोंडतो."

"मी आहे," बाई पुढे येत म्हणाल्या. "पण मी रोजच इथे असते. महिनाभर कोंडला नाही, आजच कसा कोंडला?" त्यांनी माळीदादांचं दाताळं घेतलं, तळ्याच्या पलीकडच्या बाजूला गेल्या आणि ते पाण्यातून एकदा फिरवलं.

चंदेरी माळा उसळल्या. बाबांच्या कधी आल्या नसतील एवढ्या.

मग कोणीतरी म्हणालं, "बाईंना सिद्धी आहे!" आणि गर्दी, बाबांकडे पाठ फिरवून, बाईंसमोर हात जोडून उभी राहिली. एका आजोबांनी तर बाटली पुढे केली.

बाईंनी आयुष्यात एवढी हताश नजर परीक्षेच्या पेपरांवरही टाकली नव्हती.

"अहो, हात कसले जोडता! हातात हे घ्या." त्यांनी दाताळं आजोबांच्याच हातात कोंबलं. आजोबांनी भीत भीत ढवळलं. बुडबुडे आले. मग अध्यक्षांनी ढवळलं, तरी आले.

"वन्सं, या."

नणंद सावकाश चालत आली. तिने दाताळं फिरवलं, आणि बुडबुडे वर आले तसे तिच्या तोंडून निघालं, "माझ्या हातूनसुद्धा?"

"कोणाच्याही हातून. खाली झाडं आहेत. उन्हात ती प्राणवायू सोडतात, तो पानांना थेंबासारखा चिकटून राहतो. धक्का लागला की सुटतो. ढग असले की फार कमी, म्हणून त्या दिवशी बाबांचं मौन. त्या बाजूला मी कालपासून अंधार केला होता, म्हणून आज तिथे काही नाही. तुम्ही माझ्यावरही विश्वास ठेवू नका. उद्या तुम्ही स्वतः दुसरी बाजू झाका."

"तिला काय कळतंय!" बाबा ओरडले. "बाई, ताप चढेल तुझ्या घराला!"

"चढला तर डॉक्टरकडे जाऊ," असं उत्तर बाईंनी दिलं नाही. दिलं ते नणंदेने, दोन शब्दांमध्ये श्वास घेत.

मग ती बाकावर बसली. चेहरा पांढरा पडला होता, खांदे वर-खाली होत होते. बाईंनी पर्समधून नवा पंप काढला आणि तिच्या हातात दिला. नणंदेने तो तोंडाशी नेला, दोनदा दाबला, डोळे मिटले. छातीतली शीळ हळूहळू उतरली.

"डॉक्टरांनाही दाखवून येऊ आजच," बाई म्हणाल्या.

"चल. पण तिथे मला बोलू नकोस."

"बोलणार आहे."

"बोल बाई," नणंद म्हणाली. "अकरा दिवसांचं साचलंय तुझं."

बाबा कधी निघून गेले, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. दाताळ्यासाठी रांग लागली होती.

आठवड्याने अध्यक्षांनी तळ्याजवळ फलक लावला: 'अध्यक्षांच्या मार्गदर्शनाखाली जलशुद्धीकरण'. बाईंनी हरकत घेतली नाही. फक्त खाली झाडांची नावं लिहायला लावली. नणंदेला तेवढ्याने समाधान झालं नाही. तिने रंगाचा डबा आणि ब्रश मागवला, दोन जिने न थांबता उतरली आणि फलकाच्या तळाशी स्वतःच्या अक्षरात लिहिलं:

'पाणी पिऊ नये. ऊन असताना स्वतः ढवळून पाहावे. कोणी चमत्कार दाखवला, तर आधी विचारावे: हे माझ्या हातून होईल का? विचारायला सिद्धी लागत नाही.'