उपाशी यावे

कमळाकाकी दोन महिन्यांत दोनदा पडली. एकदा विहिरीवर, एकदा मागल्या दारी, बसलेली उठता उठता. शेजारीपाजारी म्हणाले, वय झालं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. वय झालं म्हटलं की पुढे कोणाला काही करावं लागत नाही, म्हणून सगळे म्हणतात. राही म्हणाली, "वय झालं की माणूस हळू चालतो. धाडकन पडत नाय."

राही आरे-वारेच्या वरच्या अंगाच्या वाडीची आशा सेविका. तोंडाने फटकळ, पण घरच्याच काकीच्या दंडाला पट्टा बांधून प्रेशर बघितल्याशिवाय तिची सकाळ व्हायची नाही. घरी काकीचं प्रेशर एकशे वीसच्या आसपास. महिन्याच्या तपासणीला आरोग्य केंद्रात गेली की एकशे सत्तर. मग डॉक्टर गोळी वाढवायचे आणि आठवड्याच्या आत काकी जमिनीवर. आता तिसऱ्यांदा पडली असती तर खुबाच मोडला असता. खुबा मोडलेली राहीची सासू अंथरुणातून उठली नव्हती ती नव्हतीच. हे राहीला कोणी शिकवायला नको होतं.

म्हणून या मंगळवारी ती स्वतः काकीबरोबर सातच्या एसटीत चढली.

केंद्राच्या दारावर पाटी होती, 'तपासणीस उपाशी यावे.' रक्तातली साखर बघायची असते ना. दहा वाजले तरी बाकावरचे म्हातारे तसेच, सुकलेल्या बोंबलांसारखे.

"काकी, सकाळची प्रेशरची गोळी घेतलीस?"

"नाय गो. उपाशी यायचं ना? गोळी काय रिकाम्या पोटी घेतात?"

म्हणजे तपासणीच्या दिवशी काकी दर वेळी गोळीविनाच येत होती. तेवढ्यात नंबर लागला.

डॉक्टर ऋत्विक कोल्हापूरकडचा, तरुण. पट्टा बांधला, आकडा बघितला. "एकशे अठ्ठ्याहत्तर. आजी, गोळ्या घेताय न्हवं?"

"रोज घेते."

काकी खोटं बोलली नाही. डॉक्टरने कागद ओढला. राहीने त्या कागदावर हात ठेवला.

"लिहू नका."

"ताई, हात काढा. बाहेर बावीस पेशंट खोळंबलेत."

"त्यांनाच विचारूया. चला बाहेर."

असं त्याला आजवर कोणी बोललं नसावं. तो आला. राही बाकांसमोर उभी राहून ओरडली, "प्रेशरची गोळी आज सकाळी कोणी घेतली? हात वर करा!"

एकच हात वर. रावजीतात्यांचा.

"तात्या, तुम्ही घेतलीत?"

"नाय बाय. लघवीला जाऊ का, म्हणून इचारतोय." सगळा बाक हसला. तात्या उठता उठता म्हणाले, "उपाशी या म्हणून तुमीच सांगता, नि गोळी घेतली का ते बी तुमीच इचारता!"

डॉक्टर हसला नाही. मान खाली घालून म्हणाला, "गोळ्या घेता का, एवढंच विचारत आलो. आज घेतली का, ते कधी विचारलंच नाही."

"आणि उभं करून कधी मोजलंत?"

"नाही."

"मग उद्या नऊला वाडीत या. गोळी घेतलेली काकी बघा."

आला. मोटारसायकलवरून, शर्ट घामाने भिजलेला. बसून एकशे चोवीस. उभी केली तर शहाण्णव, आणि काकीने पडवीचा खांब गच्च धरला. डॉक्टरने तिथेच एक गोळी बंद केली, दुसरी अर्धी केली.

"कमी केलीत?" काकी चिडली. "म्हाताऱ्या माणसावर कशाला औषध घालवा, असंच ना?"

"नाही आजी. चूक आमची होती."

सरकारी माणसाच्या तोंडून असं काही ऐकण्याची काकीला सवय नव्हती. राही तेवढ्यावर थांबली नाही. तिने पाटी बदलायला लावली. प्रेशरची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेऊनच यावे. म्हाताऱ्यांचं रक्त पहिल्या तासात काढायचं, मग तिथेच पेज. आणि प्रत्येकाचं प्रेशर बसून नि उभं राहून, दोन्ही. डॉक्टरने मान डोलावली. नसती डोलावली तर राही रोज केंद्रात जाऊन बसली असती, हे त्याला कळलं होतं.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा वाडीत आला. काकी उभी, प्रेशर एकशे अठरा.

"झालं का तुमचं? माझं कालवण करपतंय," काकी म्हणाली आणि निघाली. उंबरठ्यापाशी डॉक्टर धरायला पुढे झाला.

राहीने त्याची बाही ओढली. "सोडा. जाऊ दे तिला."

काकी उंबरठा ओलांडून गेली. आतून पळीचा खणखणाट आला आणि मागोमाग तिचा आवाज, "अगो राही, कोकमं कुठे ठेवलीस?"