मुरिगेप्पाच्या स्टुलावरचे डोके

मित्रांनो, मी एका बाईचे डोके आहे. मानेखाली मला काही नाही. वय विचाराल तर तिशी केव्हाच उलटली, पण गालावर एक सुरकुती सापडायची नाही; फायबरचे असण्याचा तेवढा एकच फायदा. नाकाच्या शेंड्यावरचा रंग मात्र उडाला आहे आणि डाव्या कानाची पाळी टवकली आहे. गदगला लागून असलेल्या बेटगेरीतल्या एका दोन खोल्यांच्या घरात, बाहेरच्या खोलीत, उंच स्टुलावर मी असते. माझी कहाणी मोठी नाही, पण सांगायला दुसरे कोणी नाही म्हणून मीच सांगते.

बंगळुरूच्या एका कारखान्यात मी साच्यातून निघाले तेव्हा मला चांगले धड होते. एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने माझ्या भुवया काढल्या, ओठ रंगवले. शेवटी त्याने डोळ्यांच्या काळ्या बाहुल्यांवर, वरच्या डाव्या कोपऱ्यात, पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका टेकवला. मागे सरकून तो म्हणाला, “हं, आता बघायला लागली.” त्या ठिपक्यांचा मला फार अभिमान होता.

तिथून मी गदगच्या बाजारात एका साड्यांच्या दुकानी आले. चोवीस वर्षे मी इरकली नेसून दारात उभी होते. बायका यायच्या, माझा पदर चिमटीत धरून बघायच्या आणि दुकानदाराला म्हणायच्या, “ते ढीग कशाला दाखवता? हिच्या अंगावरचीच द्या.” असे शब्द कानावर पडले की दिवस सार्थकी लागल्यासारखे वाटे. मग एकदा शिडी कलंडली आणि मी पडले. मानेपासून दोन तुकडे झाले. धड भंगारात गेले आणि डोके माळ्यावर, मोडक्या हँगरांच्या ढिगात. तिथे सहा वर्षे गेली. दुकान बंद व्हायची वेळ आली, तेव्हा सामान बघायला आलेल्या एका माणसाने माळ्यावर मान उंचावून विचारले, “ते डोकं देता का?” दुकानदार हसला. “न्या की. अख्खी होती तेव्हा कोणी मागितली नाही.”

तो माणूस म्हणजे मुरिगेप्पा अंगडी. छापखान्यात प्लेटा करायच्या कामाला होता. वय पन्नाशीच्या आतबाहेर, लग्न झालेले नाही, आई वारून चार वर्षे झालेली. दिवसभर तो दुसऱ्यांच्या लग्नपत्रिकांतले आणि निवडणुकीच्या पत्रकांतले चेहरे छपाईला तयार करायचा. तसे बघता बघता त्याला चेहऱ्यांचेच वेड लागले. त्याने कॅमेरा घेतला, एक दिवा घेतला, दिव्याला पांढरी छत्री घेतली. सगळे घेतले आणि मग त्याच्या लक्षात आले की समोर बसायला कोणी नाही. कोणाला “जरा बसता का, फोटो काढतो” असे म्हणायची त्याची छाती होत नसे. म्हणून मी.

त्याने मला स्कूटरवर पुढ्यात घेऊन घरी आणले. शेजारची नीलव्वा दारात मिरच्या वाळत घालत होती. शहात्तर वर्षांची, एकटीच राहणारी, जिभेला हाड नसलेली. मुरिगेप्पाला ती तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. ती ओरडली, “तम्मा, गुपचूप लग्न केलंस ते केलंस, पण आणायची तर अख्खी तरी आणायचीस!”

मुरिगेप्पा लाजून लाल झाला आणि मला घेऊन आत पळाला. गल्लीत आठवडाभर हाच विषय होता.

मग आमचे काम सुरू झाले. संध्याकाळी छापखान्यातून आला की हातपाय धुऊन तो मला पुसायचा, पाठीमागे काळे कापड लावायचा आणि दिवा पेटवायचा. फरशीवर खडूने खुणा केलेल्या असत. माझ्या नाकापासून दिव्यापर्यंतचे अंतर तो दोऱ्याने मोजायचा आणि वहीत लिहायचा. अंधाऱ्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा तक्ता धरून बघायचा. माझी हनुवटी दोन बोटांनी धरून कधी इकडे वळवायचा, कधी तिकडे. मी कधी जांभई दिली नाही, कधी “झालं का?” विचारले नाही. “तुझ्यासारखी तूच,” तो म्हणायचा. माझे फोटो भिंतीवर लागले. पलीकडच्या गालावर उजेडाचा नेटका त्रिकोण पडलेला त्याला फार आवडे. तो त्रिकोण आणखी ठसठशीत यावा म्हणून तीन वर्षांत त्याने दिवा हळूहळू वर वर नेला.

आणि इथेच माझ्याकडून घात झाला. दिवा कुठेही असो, माझे डोळे सारखेच चमकत. तो उजेड नव्हता, रंग होता. मला ते ठाऊक होते. त्याला नव्हते, आणि मला सांगता येत नव्हते.

शेवटी धीर करून त्याने एका खऱ्या मॉडेलला बोलावले. हुबळीच्या हौशी फोटोग्राफर मंडळींनी नाव सुचवले होते. निवेदिता नाव तिचे. आठवडाभर कॉलेजात शिकवायची आणि रविवारी छंद म्हणून फोटोला बसायची. ती येणार म्हणून त्याने खोली दोनदा झाडली, खायला गिरमिट, म्हणजे आमच्याकडचे तिखट चुरमुरे, आणून ठेवले आणि सोबत असावी म्हणून नीलव्वाला दाराशी बसवले. नीलव्वा लसूण सोलत बसली. मला त्याने कपाटावर ठेवले. स्टुलावर दुसऱ्या कोणाला बसलेले मी पहिल्यांदाच बघत होते.

निवेदिता हसून म्हणाली, “सांगा, कशी बसू?”

मुरिगेप्पाला बोलता येईना. तीन वर्षे त्याला तोंडाने काही सांगायची सवयच राहिली नव्हती. तो सरळ पुढे गेला आणि त्याने दोन बोटांनी तिची हनुवटी धरली.

ती ताडकन मागे झाली. “अहो साहेब! तोंडाने सांगा की. मी काय बाहुली आहे?”

दारातून नीलव्वा म्हणाली, “पोरी, रागावू नकोस. वाईट चालीचा नाही तो. घरात जी आहे ना, ती बोलत नाही, म्हणून हा पण विसरलाय.” आणि तिने लसणाच्या पाकळीने माझ्याकडे खूण केली.

निवेदिताने वर पाहिले आणि तिला हसू फुटले. मुरिगेप्पाने दहा वेळा माफी मागितली. पुढचा तासभर ती छान बसली, त्याने छान उजेड टाकला, त्रिकोणही पडला. पण फोटो पाठवल्यावर तिचे दोनच ओळींचे उत्तर आले: मेहनत दिसते, पण यात मी कुठे दिसत नाही. पुन्हा ती आली नाही.

“चेहरा चांगला होता,” तो मला स्टुलावर परत ठेवत म्हणाला, “पण डोळ्यांत काही नव्हतं बघ.” मित्रांनो, खरे सांगते, मला वाईट वाटले आणि बरेही वाटले. माझी जागा मला परत मिळाली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी नीलव्वा इस्त्रीची साडी नेसून, कपाळाला भस्म लावून दारात उभी राहिली.

“तम्मा, माझा हाराचा फोटो काढ.”

“हाराचा म्हणजे?”

“म्हणजे मी गेल्यावर भिंतीवर लावतात तो. आमच्या ह्यांचा फोटो बघितलास ना? कोणाच्या तरी लग्नातला कापून मोठा केलेला. कानाला दुसऱ्याचा खांदा चिकटलाय. बारा वर्षं मी त्या खांद्याला पण हार घालते. माझं तसं नको. अजून पुढचे चार दात आहेत, तोवर काढून घे.” मग जरा थांबून म्हणाली, “विरूपाक्षाची पोरं मला दोन वर्षांत भेटली नाहीत. त्यांना आजी म्हणून तेवढा फोटोच दिसणार. त्यात मी नीट असायला पाहिजे.”

विरूपाक्ष तिचा मुलगा, बंगळुरूला असतो. मुरिगेप्पाने तिला माझ्या स्टुलावर बसवले, दोरा मोजला, नेहमीच्या उंचीवर दिवा लावला. जन्मात कोणी त्याच्याकडे आपण होऊन फोटो मागितला नव्हता. चौथ्या दिवशी त्याने मोठा फोटो करून आणला.

नीलव्वाने तो हातभर लांब धरून पाहिला.

“तम्मा, हार आत्ताच घालू का? मी यात गेलेलीच आहे की रे.”

“असं का म्हणतेस?”

“डोळे बघ. दोन खड्डे आहेत. आमच्या कोंबडीच्या डोळ्यात यापेक्षा जीव असतो.” तिने भिंतीवरच्या माझ्या फोटोंकडे बोट दाखवले. “ह्या बिनधडीचे डोळे कसे लखलख बघतात! आणि मी जिवंत बाई, माझेच विझलेले?”

ती गेली. त्या दिवशी ती रागावली नव्हती, भ्यायली होती. मुरिगेप्पा कितीतरी वेळ माझ्या फोटोंपुढे उभा होता. एकेक उतरवून त्याने जमिनीवर ओळीने मांडले. दिवा डावीकडे असलेला, उजवीकडे असलेला, खालून टाकलेला. सगळ्यांत माझ्या डोळ्यातली चमक एकाच जागी, वरच्या डाव्या कोपऱ्यात. मग तो उठून माझ्याकडे आला. दिवा लावलेला नव्हता, तरी ठिपके पांढरेच होते. त्याने एकावर नख घासले.

“तीन वर्षं,” तो म्हणाला. “तीन वर्षं तू मला बनवलंस.”

मला बनवायचे नव्हते, मित्रांनो. पण ते सांगणार कसे? त्याने आगपेटीतली काडी काळ्या रंगात बुडवली आणि रंगाऱ्याने शेवटी टेकवलेले दोन ठिपके बुजवून टाकले. शिक्षा म्हणून नव्हे, शिकण्यासाठीच. तरी लागायचे ते लागलेच. मग वर पारदर्शक वार्निशचा एक हात दिला आणि दिवा लावला. डोळे काळेच. त्याने दिवा थोडा खाली घेतला. काळेच. आणखी खाली. खडूच्या सगळ्या जुन्या खुणा त्याने ओल्या फडक्याने पुसल्या. दिवा कपाळाच्या किंचित वर आला, तेव्हा वार्निशवर उजेडाचा एक बारीक कण उमटला. पहिल्यांदाच तो खरा होता. मुरिगेप्पा खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः नीलव्वाच्या दारी गेला. “नीलव्वा, चूक माझी होती. एकदा परत बस.”

“परत मारणार नाहीस ना?”

“नाही. या वेळी बोलत बस. विरूपाक्ष लहानपणी कसा होता ते सांग.”

ती सांगत बसली. पोरगा गुळाच्या डब्यात हात अडकवून शाळेत गेला होता म्हणाली, आणि हसली, आणि हसता हसता गप्प झाली. त्या गप्प होण्याच्या वेळी मुरिगेप्पाने बटण दाबले. तो फोटो मी पाहिला आहे. खोल गेलेल्या डोळ्यांत उजेडाचे दोन दाणे आहेत आणि ती थेट बघणाऱ्याकडे बघते. नीलव्वाने फोटोवरून हात फिरवला. “ही मी,” ती म्हणाली. “आता विरूपाक्षाला फोनवर पाठव.”

पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी विरूपाक्ष पिशवीसुद्धा न घेता गल्लीत धावत आला. नीलव्वा ओट्यावर मिरची भजी खात बसली होती.

“अव्वा! तू असा फोटो का काढून घेतलास? काय होतंय तुला? डॉक्टर काय म्हणाला?”

“डॉक्टर कुठला? भजी खा.”

“रात्रभर झोपलो नाही मी. तू नुसती बघतेयस त्यात.” एवढे म्हणून तो मोठा बाप्या तिच्या मांडीवर डोके ठेवून रडला. असा फोटो माणूस कशासाठी काढून घेतो, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असते.

तिसऱ्या दिवशी तो तिला बंगळुरूला घेऊन निघाला. कोंबड्या गल्लीत वाटल्या, मिरच्यांचा डबा मुरिगेप्पाला आला. रिक्षा दारात उभी असताना नीलव्वा आमच्या खोलीत आली.

“तम्मा, तुझा एक फोटो दे. तिकडे माझ्या कोपऱ्यात लावते.”

मुरिगेप्पाने कपाट उघडले. खोकी काढली. माझे फोटो निघाले, निवेदिताचे निघाले, गल्लीतल्या मांजरांचे निघाले. तो पुन्हा पुन्हा तेच ढीग चाळत होता. हजारो फोटोंच्या त्या घरात त्याचा एकही फोटो नव्हता.

“नाही?” नीलव्वा म्हणाली. “एक पण नाही?”

“पाठवतो,” तो म्हणाला. “काढून पाठवतो.”

बाहेरून विरूपाक्षाने हाक मारली, “अव्वा, गाडी चुकेल!” तिने मुरिगेप्पाच्या गालावरून दोन्ही हात फिरवले, कानशिलांवर बोटे मोडली आणि ती गेली. तिच्या दाराला कुलूप लागले. मी त्या दिवसापासून गल्लीत तिचा आवाज ऐकलेला नाही.

त्या संध्याकाळी मुरिगेप्पाने स्वच्छ सदरा घातला. मला उचलून कॅमेऱ्याशेजारी खोक्यावर ठेवले, कारण बसणाऱ्याला बघायला कोणीतरी लागते. कॅमेऱ्याचे दहा सेकंदांचे घड्याळ लावून तो धावत जाऊन स्टुलावर बसला. पहिल्या फोटोत तो अजून बसतच होता. दुसऱ्यात डोळे मिटलेले आले. तिसऱ्यात तो बसला होता खरा, पण कॅमेऱ्याच्या आवाजाची वाट पाहत, दाराबाहेर उभ्या राहिलेल्या माणसासारखा. सातव्यानंतर तो उठलाच नाही. दिवा जळत होता, कॅमेरा तयार होता आणि तो स्टुलावर बसून माझ्याशी बोलायला लागला. आईबद्दल, छापखान्याबद्दल, नीलव्वाच्या मिरच्यांबद्दल. बोलता बोलता त्याचा चेहरा असा सुंदर झाला की मी तीन वर्षांत तसा एकही पाहिला नव्हता. बटण फक्त दाबायचे राहिले होते.

तो फोटो अजून पाठवायचा आहे. नीलव्वाचा कोपरा रिकामाच असेल.

मित्रांनो, तुमच्या घरातही असा एकजण असतो. लग्नात, बारशात, सहलीत तो सगळ्यांना ओळीत उभे करतो आणि स्वतः कॅमेऱ्यामागे राहतो. त्याच्या हातातून एकदा कॅमेरा घ्या. त्याला खुर्चीवर बसवा, काहीतरी विचारा आणि तो बोलत असताना नीट बघा. मला ते सगळे येत होते. उजेड कुठे पडला, मान किती वळली, कोणत्या क्षणी थांबायचे, सगळे दिसत होते. पण मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.