गच्चीवरची घंटी

केशवने गच्चीवरून दोरी ओढली आणि खाली प्रयोगशाळेत घंटी वाजली.

आकाशात विमान नव्हतं. लांब एक घार तेवढी गिरक्या घेत होती. पण मुंबईच्या विमानाची वेळ टळून गेली होती, आणि खाली त्याच्या बायकोची सगळी मेहनत पणाला लागली होती. घंटी ऐकून कौसल्या ‘सुई हलली’ म्हणेल आणि वेळ निभावेल, एवढाच त्याचा हिशेब.

कौसल्या या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. नागपुरात टीव्ही आल्यापासून विमान गेलं की घरोघरी चित्र थरथरायचं आणि लोक अँटेनाच्या नावाने खडे फोडायचे. ही बाई मात्र खूश झाली. टीव्हीच्या मनोऱ्यावरून सुटलेल्या लहरी विमानावर आपटून परततात, त्याच पकडायच्या, आपण स्वतः काही सोडायचं नाही, म्हणजे महागडं रडार नको! दोन अँटेना, जुना रिसीव्हर आणि मीटरची एक सुई, एवढ्यावर तिने यंत्र उभं केलं. असं डोकं आपल्या घरात नांदतंय, याचं केशवला अजून नवल वाटे. म्हणून तर त्याने पारशिवनी गावाहून बैलाच्या गळ्यातली घंटी आणून दिली होती.

विभागप्रमुख गोपाळरावांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. आज टीव्हीवर रविवारचा सिनेमा सुरू होताच, बाहेरचं काही दिसू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने प्रयोगशाळेच्या खिडक्या लावल्या. विमान दिसलं की वरून केशवने घंटी वाजवायची आणि खाली सुई हललेली हवी; दोन्ही जुळलं नाही, तर कौसल्याने ही खोली रिकामी करायची होती.

केशव जिना उतरून प्रयोगशाळेच्या दाराशी थांबला. आत गोपाळराव विचारत होते,

“घंटी तर वाजली न, बाई. सुई?”

“नाही हलली, सर.”

“म्हणजे यंत्र बिघडलं.”

“यंत्र ठीक आहे. विमान नाही आलं.”

“अहो, वर तुमचेच यजमान आहेत!”

“त्यांले घार दिसली असेल,” कौसल्या शांतपणे म्हणाली. तिने दाराकडे पाहिलंही नाही. केशवला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

गोपाळराव विमानतळावर विचारायला तणतणत ऑफिसातल्या फोनकडे गेले. परतले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता.

“विमान लेट आहे. आता येऊन राहिलं म्हणतात.” त्यांनी केशवकडे रोखून पाहिलं. “तुम्ही बसा इथं. वर मी जातो.”

नवरा-बायको सुईसमोर बसले. कौसल्याने पदराने काच पुसली.

सुई थरथरली. थांबली. मग झुलायलाच लागली.

“सर, आलं!” कौसल्या जिन्यात जाऊन ओरडली.

“कुठं आलं? आकाश तर रिकामं आहे!” वरून आवाज आला.

ती परत येऊन सुईसमोर बसली. केशव निश्चल घंटीकडे पाहत राहिला. आपण काय करून बसलो होतो, हे त्याला आत्ता कळत होतं.

मग घंटी वाजली. वाजतच राहिली. वर गोपाळराव दोरी सोडायलाच तयार नव्हते.

“अहो,” सुईवरची नजर न काढता कौसल्या हळूच म्हणाली, “आता खरी वाजून राहिली.”