कारण समाधानकारक

आमचे प्राचार्य कागद वाचत नसत, सही करत. फोनचा रिसीव्हर डाव्या खांद्यात दाबलेला, नजर खिडकीबाहेर आणि उजवा हात कागदांवर. मी एकेक कागद पुढं सरकवायची आणि ते त्याच्या तळाशी आपलं पूर्ण नाव सावकाश उमटवायचे. सही मोठी देखणी होती. मी मूळची निपाणीची. मल्लेश्वरममधल्या त्या कॉलेजच्या ऑफिसात मला तोवर अठरा वर्षं झाली होती, आणि हजेरीचं मुख्य रजिस्टर माझ्या ताब्यात होतं. मुलं मला सुनंदक्का म्हणायची.

ते शहाण्णव साल. नोव्हेंबरात आमच्या शहरात जगातली सर्वांत सुंदर मुलगी निवडायची होती, आणि त्यामुळं स्त्रीची अब्रू धोक्यात आली आहे असं आमच्या संस्थेच्या ध्यानात आलं. एकवीस तारखेला, गुरुवारी दुपारी, कॉलेजचा निषेध मोर्चा निघाला. गेटवरच्या कागदावर सही करून जो मोर्चाला जाईल त्याला पूर्ण दिवसाची हजेरी मिळणार होती. तेव्हा अब्रूसाठी नऊशे मुलं एका दमात रस्त्यावर आली. एरवी तासाला दोनशेसुद्धा जमत नसत.

चंदननंही गेटवर सही केली. हा आमच्या व्हॉलीबॉल संघाचा कॅप्टन, राजाजीनगरचा, सहा फुटांच्या वर. कॉलेजच्या व्हरांड्यात संस्थापकांच्या तसबिरीनंतर याचेच फोटो होते. सही करून तो मागच्या मागं परत फिरला. कॉलेज रिकामं होतं. थ्रोबॉलची जाळी ठेवायला पवित्रा तेवढी खेळाच्या खोलीत गेली होती.

सोमवारी ती माझ्या खिडकीशी आली. पवित्रा आनेकलहून बसनं यायची, दुसऱ्या वर्षाला, चंदनच्याच वर्गात. घर जुन्या मराठ्यांचं, चार पिढ्या तिकडंच. बोलणं मराठी, पण निम्मं कन्नडात भिजलेलं. सगळ्या ऑफिसात तिच्या घरची भाषा बोलणारी मी एकटी, म्हणून ती माझ्याकडं आली असणार.

"अक्का, एक अर्ज लिहायचाय."

"रजेचा?"

"नाही. त्यानं आतून कडी लावली."

पुढचं तिनं सांगितलं ते मी इथं लिहीत नाही. ते एकदा लिहिलं आहे, इंग्रजीत, तिच्या वतीनं, आणि खाली तिनं सही केली.

तिचे वडील परसू एका कारखान्यात फिटर होते. ते शुक्रवारीच पोलीस ठाण्यात जाऊन आले होते. ठाण्यात एकच हवालदार, बाकी सगळे स्टेडियमच्या बंदोबस्ताला. स्पर्धा आटोपल्यावर या, असं त्यानं सांगितलं. परसू भला माणूस. ते मला म्हणाले, "अक्का, एवढं मोठं कॉलेज आहे. हितंच न्याय होईल." मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला अजून लाज वाटते.

असल्या तक्रारीसाठी कॉलेजात कमिटी नव्हती. शिस्तीची होती. ती कॉपी आणि भिंतीवर लिहिणं एवढंच बघायची. तिलाच हे काम दिलं. उपप्राचार्य अध्यक्ष, ग्रंथपाल बाई सदस्य, कारण एखादी बाई हवी, आणि तिसरे यल्लाप्पा सर, म्हणजे आमचे क्रीडाशिक्षक, म्हणजे चंदनचे कोच. यल्लाप्पा सरांचं म्हणणं, खेळाच्या खोलीची माहिती त्यांच्याइतकी कुणाला असणार? टिपणं घ्यायला मी होते.

दहा डिसेंबरला पवित्राला बोलावलं. उपप्राचार्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तू मोर्चाला का गेली नाहीस?"

"जाळी ठेवायची होती सर."

"मोर्चा स्त्रियांच्या प्रतिष्ठेसाठी होता. तू गेली असतीस तर हा प्रश्नच आला नसता."

ग्रंथपाल बाईंनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. यल्लाप्पा सर मधेच म्हणाले, की मुलगा कधी प्रॅक्टिसला उशिरा येत नाही. हे मी टिपणात घेतलं. सगळंच घ्यायचं असतं.

मग चंदन आला. त्याच्याजवळ डॉक्टरचं सर्टिफिकेट होतं. वीस ते बावीस नोव्हेंबर ताप, घरीच विश्रांती. डॉक्टर राजाजीनगरचा, त्याचा सख्खा मामा. गेटवरच्या वॉचमननं त्याला गुरुवारी साडेतीनला आत येताना पाहिलं होतं आणि तसं सांगितलंही. पण सर्टिफिकेटवर शिक्का होता आणि वॉचमनजवळ शिक्का नव्हता. कमिटीनं वीस मिनिटांत निकाल दिला. तक्रारीत तथ्य आढळले नाही. विद्यार्थी आजारी असल्याने कॉलेजात उपस्थित नव्हता. ते तीन दिवस हजेरीपटात गैरहजेरीचे करावेत.

आता माझं ऐका. गेटवरचा मोर्चाचा कागद माझ्याच कपाटात होता. त्यावर एकवीस तारखेची चंदनची सही होती, चांगली ठसठशीत. मला ते ठाऊक होतं. कुणी विचारलं नाही आणि मी मूग गिळून बसले. नोकरीला अठरा वर्षं झाली होती, आणि अठरा वर्षांत न विचारता बोलायची सवय पार मोडून गेली होती. निकाल मी टाइप केला, एकही चूक न करता. मग लाल शाई घेतली आणि चंदनच्या तीन निळ्या हजेऱ्यांवर तीन गैरहजेऱ्या लिहिल्या.

पवित्रा कॉलेजला यायची बंद झाली.

जानेवारीत आंतरविद्यापीठ स्पर्धेचे फॉर्म आले. खेळाडूची हजेरी पंचाहत्तर टक्के हवी आणि त्यावर प्राचार्यांचा दाखला हवा. परीक्षेला बसायचं तर प्राचार्य दहा टक्के माफ करू शकत. स्पर्धेसाठी एक दिवससुद्धा नाही. डिसेंबरअखेर एकशेवीस दिवस भरले होते. नव्वद हवेत. मी चंदनचे मोजले, अठ्ठ्याऐंशी झाले. पुन्हा मोजले. खरं सांगते, तिसऱ्यांदा मोजताना मला चक्क मजा यायला लागली.

यल्लाप्पा सर आले. तेही आमच्या सीमाभागातले, खानापूरकडचे. माझ्याशी मराठीत बोलायचे, काम असलं की जास्तच.

"सुनंदक्का, ते तीन दिवस निळे कर की."

"कुठले?"

"ते तापाचे गं."

"ताप उतरला वाटतं."

"चेष्टा करू नकोस. ताप कमिटीपुरता हुता. हे विद्यापीठाचं काम हाय. पोरगा नसला तर संघ पहिल्याच मॅचला घरी येतोय बघ."

"लेखी आणा."

"माझ्यावर इस्वास नाही व्हय?"

"माझा आहे. रजिस्टरचा नाही."

तासाभरात ते लेखी घेऊन आले. दोन ओळी होत्या. 'चंदन हा विद्यार्थी २० ते २२ नोव्हेंबर या तिन्ही दिवशी कॉलेजात हजर होता. रजिस्टर दुरुस्त करावे.' खाली ती देखणी सही. सही होताना प्राचार्य फोनवर कप आल्यावरच्या सत्काराचं बोलत होते, असं यल्लाप्पा सरांनीच कौतुकानं सांगितलं.

मी रजिस्टर दुरुस्त केलं. निळ्यावर लाल, लालवर परत निळं. तिथला कागद फाटायला आला होता. चिठ्ठीची झेरॉक्स काढली आणि त्या दिवशी पहिल्यांदा न विचारता बोलायला गेले.

उपप्राचार्यांनी चिठ्ठी वाचली. चष्मा पुसून परत वाचली. म्हणाले, "सुनंदाबाई, कमिटीचं काम संपलं आहे. ती विसर्जित झाली. विसर्जित कमिटीला मी कागद कसा दाखवू?"

"मग प्राचार्यांना दाखवा."

"त्यांचीच सही आहे. त्यांनी पाहिलाच असणार."

रविवारी मी बस धरून आनेकलला गेले. परसूंनी झेरॉक्स उलटीपालटी करून बघितली. पवित्रा आतल्या दारात उभी होती.

"पोलिसांत चला. मी येते," मी म्हटलं.

"नको अक्का," परसू म्हणाले. "ती सुंदरींची स्पर्धा संपल्यावर परत गेलो होतो ठाण्यात. कॉलेजचा निकाल आणा म्हणाले. आणला, तर म्हणाले, कॉलेजच नाही म्हणतंय तर आम्ही काय करू? आता तिचं वर्ष तेवढं वाचवा. वर्ष गेलं की तिचे आजोबा ऐकायचे नाहीत. हुबळीचं एक स्थळ धरून बसलेत."

पवित्रा म्हणाली, "मला शिकायचंय." एवढंच बोलली आणि आत गेली. तिला कधी कुणी कमिटीत विचारलं नव्हतं, की तुला काय हवंय.

पुढच्या आठवड्यात संघ स्पर्धेला गेला आणि त्याच दिवशी पवित्रा कॉलेजात आली. बारा दिवस रोज आली. संघ कप घेऊन परत आला, मल्लेश्वरमच्या रस्त्यानं बँड लावून मिरवणूक निघाली, चंदनच्या गळ्यात माझ्या हातानं आणलेले हार पडले, आणि पवित्राच्या हजेऱ्या थांबल्या. फेब्रुवारीत संघ सरावासाठी म्हैसूरला गेला, ती परत आली. संघ आला, ती गेली. मी रजिस्टरात दोघांच्या ओळींवर दोन पट्ट्या ठेवून बघितल्या. संघाबरोबर बाहेरगावी म्हणून तो ज्या ज्या दिवशी नव्हता, त्या त्या दिवशी ती होती. कमिटीला वीस मिनिटांत जे दिसलं नाही ते माझ्या रजिस्टरात तीन महिने उघडं पडलं होतं.

मार्चमध्ये हिशेब झाला. एकशेऐंशी दिवसांपैकी पवित्राचे एकशे एकवीस. सदुसष्ट टक्के. म्हणजे माफीच्या फॉर्मवर प्राचार्यांची सही झाली तर परीक्षा, नाही तर हुबळी.

मी प्राचार्यांना तोंडी विचारलं. त्यांनी त्यासाठी रिसीव्हर खाली ठेवला, हे मान्य करायला हवं.

"तापाचं सर्टिफिकेट आणायला सांगा," ते म्हणाले. "सगळे तेच आणतात. तो राजाजीनगरचा डॉक्टर लगेच देतो म्हणे, चांगला माणूस आहे."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. थट्टेचा मागमूस नव्हता. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं की हा डॉक्टर कोण. रागावण्यासाठीसुद्धा समोरच्याला काहीतरी आठवायला लागतं. मी बाहेर आले आणि पाण्याच्या पिंपापाशी जाऊन उगीचच दोन पेले पाणी प्याले.

दुसऱ्या दिवशी पवित्रा फॉर्म भरायला आली. मी तिला सगळं सांगितलं, तो डॉक्टर कोण तेही. आणि म्हटलं, "दुसऱ्या कुणाचं तरी आण. ताप लिही. वर्ष वाचेल."

"मला ताप नव्हता अक्का."

"कुणालाच नसतो गं. चाळीस फॉर्म आलेत, चाळीसांत ताप आहे."

"त्यालाही ताप होता ना," ती म्हणाली. "मी ताप लिहिला की आम्ही दोघं सारखेच झालो."

तिनं माझं पेन घेतलं. 'गैरहजेरीचे कारण' या रकान्यात तिनं कन्नडात तीन शब्द लिहिले. चंदन हजर होता.

मी ते वाचलं, परत वाचलं. ती माझ्याकडं बघत होती, मी खोडायला सांगते की काय म्हणून. सांगायचं मनात आलं होतंच. हा फॉर्म कुणी वाचला तर तिचं वर्ष जाणार आणि माझी नोकरीही. पण मग मला आठवलं की आमच्या कॉलेजात वाचतं कोण.

"एक जोडपत्र लागेल," मी म्हटलं आणि कपाट उघडलं. प्राचार्यांची तीन दिवसांची चिठ्ठी, मोर्चाच्या कागदाची प्रत. दोन्ही फॉर्ममागं टाचणीनं लावली.

चाळीस तापांच्या गठ्ठ्यात तो एकोणिसावा ठेवला. प्राचार्य फोनवर कपासाठी काचेच्या कपाटाची मापं देत होते. मी एकेक फॉर्म सरकवत गेले, ते नाव उमटवत गेले. अठरावा झाला. एकोणिसाव्याला त्यांचा हात थांबला. पेनातली शाई अडकली होती. त्यांनी पेन झटकलं आणि सही केली. नेहमीपेक्षा किंचित मोठीच आली.

मी टेबलावर येऊन शिक्का मारला. माफीच्या फॉर्मचा शिक्का ठरलेला आहे: 'कारण तपासले. समाधानकारक आहे. मान्य.' त्या शिक्क्याखाली आमच्या कॉलेजनं आयुष्यात एकदाच खरं मान्य केलं आणि त्याची कॉलेजला अजून खबर नाही. फॉर्म विद्यापीठात गेला. प्रत माझ्याजवळ आहे.

एप्रिलमध्ये पवित्रा हॉल तिकीट न्यायला आली. मी तिला प्रत दाखवली. तिनं शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"सरांनी वाचलं?"

"नाही," मी म्हटलं. खोटं सांगता आलं असतं, पण तिला नाही सांगवलं.

"पण सही आहे ना."

"आहे."

तिनं प्रतीची घडी घालून ती हॉल तिकिटाबरोबर पिशवीत ठेवली. दोन पावलं गेली आणि परत आली.

"अक्का, त्याचा नंबर कुठल्या हॉलमध्ये आलाय?"

मी यादी बघितली. बघायची गरज नव्हती, यादी मीच केली होती. नंबर विद्यापीठाकडून येतात, मला हलवता येत नाहीत.

"तुझ्याच. तुझ्या पुढं तीन बाकं."

तिनं पिशवी खांद्याला लावली.

"पुढं आहे ना? सरी, चालेल अक्का," ती म्हणाली. "मागं नको होता."