रोज एक थेंब

दर शनिवारी सकाळी प्रशिक्षक रोजा मार्कोव्ना मुलींना दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभं करायची, डोक्यावर पट्टी ठेवायची आणि पेन्सिलीने रेघ ओढायची. नवी रेघ जुन्या रेघेवरच बसली तर पोरीचा गाल थोपटायची. जराशी वर गेली तर सगळ्यांच्या देखत म्हणायची, "वा! घोडी झालीस की गं. आता शर्यतीतच पळ."

टोरोंटोच्या उत्तरेला, टायरच्या गोदामामागे तिचा सरावाचा हॉल होता. त्याला खिडकी नव्हती. रिबन, चेंडू, रिंग घेऊन करायची ती कसरत तिथल्या रशियन आयांना देवाधर्माहून मोठी. वाढलेली मुलगी उडीत जड होते, म्हणून न वाढणं हा तिथला पहिला गुण. अशा ठिकाणी शहाणपण शोधायला जाऊ नये. तिथे फक्त पदकं मिळतात, तीही एखादीलाच.

इनेस्साची आग्निया बारा वर्षांची होती आणि मार्चमध्ये प्रांताच्या संघाची निवड होती. इनेस्सा स्वतः सारातोव्हमध्ये याच कसरतीत होती. तेराव्या वर्षी एका उन्हाळ्यात ती ताडमाड वाढली आणि तिच्या बाईंनी तिला निरोपाचा शब्दही न बोलता बाकावर बसवलं, ते कायमचं. ते बाक ती अजून विसरली नव्हती. लेकीला तिथे बसू द्यायचं नाही, एवढं एकच तिने आयुष्यात पक्कं ठरवलं होतं.

सप्टेंबरात डॉक्टर लिंडक्विस्टनी आग्नियाचं रक्त तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ही ऊन कधी बघते?"

"शाळा असते. मग सराव," इनेस्सा म्हणाली.

"दूध?"

"आवडत नाही तिला."

आवडायचं तिला. घरात येत नव्हतं.

"मुलींची हाडं याच वयात भरतात," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ता राहिली ती राहिलीच. हे ड जीवनसत्त्व. रोज एक थेंब. विसरायचं नाही."

इनेस्साने ती चिमुकली बाटली हॉलवर नेऊन रोजा मार्कोव्नाला दाखवली. डॉक्टरचं ऐकण्याआधी बाईंना विचारायचं, ही तिथली रीतच होती.

रोजा मार्कोव्नाने बाटली दिव्यासमोर धरली आणि हसली. "अगं, हे ओळखलं नाहीस? आपल्याकडे तान्ह्या पोरांना हेच पाजतात. आणि तान्हं पोर वर्षात किती होतं? तिप्पट! हिला पाज आणि मार्चमध्ये माझ्याकडे जिराफ घेऊन ये."

"पण डॉक्टर म्हणतात, हाडं..."

"डॉक्टरला संघ निवडायचा नाहीये. मार्च होऊ दे, मग बादलीभर पाज."

इनेस्साला ते पटलं. पटायचंच होतं तिला. घरी येऊन तिने थेंब मोरीत ओतले, बाटली धुतली आणि तिच्यात सूर्यफुलाचं तेल भरलं. रोज सकाळी चमच्यावर एक थेंब घेऊन ती लेकीपुढे उभी राहायची. "आ कर." आग्निया आ करायची आणि गिळायची. शाळेत नर्सने विचारलं तर पोरगी खोटं बोलायला नको, एवढी काळजी आईने घेतली होती.

जानेवारीत आग्नियाची नडगी दुखायला लागली. आधी उडी मारताना, मग चालताना, मग नुसतं झोपलं तरी. रोजा मार्कोव्नाने तिथे अंगठा दाबून पाहिला. पोरीने ओठ चावला.

"दुखतंय?"

"नाही, रोजा मार्कोव्ना."

"शहाणी. रडक्यांना मी घरी पाठवते."

इनेस्सा भिंतीशी कोट घेऊन बसली होती. लेकीच्या ओठावर आलेलं रक्त तिने पाहिलं आणि तिला अभिमान वाटला. हो, अभिमानच. दुसरं नाव देऊन ते गोड करण्यात अर्थ नाही.

फेब्रुवारीत रिबनच्या उडीतून आग्निया खाली आली तेव्हा वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. संगीत चालूच राहिलं. पोरगी ओरडली नाही. आधी तिने रोजा मार्कोव्नाकडे पाहिलं.

हाड बरेच आठवडे तडकलेलंच होतं, असं इस्पितळात सांगितलं. प्लास्टर ओलं होतं तेव्हाच रोजा मार्कोव्नाचा फोन आला.

"इनेस्सा, तिच्या जागी मी दुसरी मुलगी घेतलीये. मन लावून करायची गं तुझी. पण काचेची हाडं घेऊन मी काय करू? आणि हो, हॉलवरच्या तिच्या कपाटाची किल्ली पाठवून दे."

"बरं," इनेस्सा म्हणाली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर लिंडक्विस्टनी नवा अहवाल समोर ठेवला. आग्निया कुबड्या मांडीवर आडव्या घेऊन बसली होती.

"सप्टेंबरापेक्षाही कमी," डॉक्टर म्हणाल्या. "थेंब दिलेत?"

"रोज. माझ्या हाताने."

"रोज दिले असते तर असा आकडा आला नसता."

"मी खोटं बोलते का?"

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "उंची तिची तीन सेंटीमीटर वाढलीये. वयात आलं की वाढ होतेच, ती कुणाला थांबवता येत नाही. फक्त आत भरायचं ते भरलं नाही. मला हे वर कळवावं लागेल, बाई. मुलांची आबाळ होते तिथे लक्ष घालतात त्या खात्याला."

इनेस्साने अहवाल ओढून आकडा पाहिला. तीन सेंटीमीटर! वाढलीच होती कार्टी; शनिवारी चौकटीला गुडघे मुडपून उभी राहत असणार. सगळं करून वाढलीच.

"मी थुंकत होते," आग्निया म्हणाली.

दोघी तिच्याकडे वळल्या.

"आई द्यायची. मी शाळेत जाताना जिन्यात थुंकायचे. वाढायला नको म्हणून."

ती आईकडे बघत नव्हती. बाटलीत काय होतं ते तिला ठाऊक होतं तर. कधीपासून, कसं, कुणास ठाऊक. सॅलडवर तेच सूर्यफुलाचं तेल तिनेही रोज खाल्लं होतं; चव ओळखली असणार. त्या क्षणी इनेस्साने खरं सांगितलं असतं तर ती आई म्हणून उरली असती.

"ऐकलंत?" इनेस्सा म्हणाली. आवाज चांगला चढला होता. "मी जीव काढते आणि ही थुंकते! लाज वाटते का गं? डॉक्टरांची माफी माग."

"सॉरी," आग्निया म्हणाली.

डॉक्टरांनी पोरीला अर्धा तास समजावलं. इनेस्सा माना डोलवत राहिली. खात्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

येताना वाटेतच तिने औषधाच्या दुकानातून नवी बाटली घेतली, आणि दूधही. घरी स्वयंपाकघरात आग्नियाला खुर्चीवर बसवून तिने चमच्यावर थेंब घेतला. डॉक्टर अर्धा तास जे बोलल्या होत्या ते आता कुठे तिच्या डोक्यात शिरत होतं: आत्ता राहिली ती राहिलीच.

"आ कर, सोन्या. हे खरं आहे. आईची शप्पथ."

आग्नियाने तोंड उघडलं. थेंब जिभेवर घेतला. मग मान वळवून आईच्या पायाशी थुंकली.

"मी थुंकते असंच डॉक्टरांना सांगितलंय ना," ती म्हणाली. "आणि पाय बरा झाला की रोजा मार्कोव्ना परत मोजतील मला. वाढून नाही चालणार."

इनेस्साने पुन्हा थेंब घेतला. पोरीने दात घट्ट मिटून घेतले होते.