लंगडा ठोका

मित्रांनो, आमच्या बँडचा पुनरागमनाचा अल्बम तुफान गाजला. आता हे वाक्य विसरा. असं समजा, की अजून काहीही घडलेलं नाही. मी अजून जिन्याखालीच आहे आणि माझ्या पोटात स्वेटर आहेत.

मी एक जुना ड्रम आहे. संचातला सगळ्यात मोठा, पायाने वाजवायचा. मला दोन लोखंडी पाय आहेत, पण चालता येत नाही. तोंड परातीएवढं, पण बोलता येत नाही. कुणी लाथ घातली तरच आवाज निघतो. ते काम धाकट्याचं. त्याची ताई गायची, भाऊजी गिटार वाजवायचे आणि धाकट्याची उजवी लाथ बसली की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या.

मग ताई आणि भाऊजींचा काडीमोड झाला. बँड मोडला. धाकटा फर्निचरच्या दुकानात लागला आणि लोकांची कपाटं पाठीवर घेऊन जिने चढू लागला. त्याच्या बायकोने माझ्या पोटात स्वेटर भरले आणि डोक्यावर इस्त्रीचे कपडे रचले. बाईने जागा वाया घालवली नाही, एवढं कौतुक करायलाच हवं.

बऱ्याच वर्षांनी ताईला वाटलं, भांडण जुनं झालं, आता गाणी नवी करू. माझ्या पोटातले स्वेटर निघाले. भाऊजीही आले. दोघं शेजारी शेजारी बसून धाकट्यामार्फत बोलत. गिटार नीट लागली नसल्याचा निरोपही त्याच्याच हाती जाई.

रेकॉर्डिंगच्या खोलीत टेबलावर एक काळी पेटी होती. बटण दाबलं की ती स्वतःच ड्रम वाजवायची. गरज पडली तर असू दे, असं ताई म्हणाली. धाकटा गुडघा चोळत होता, त्याने हात पटकन मागे घेतला. कपाटांनी त्या गुडघ्याचं पार भुस्कट केलं होतं. मला ते पहिल्याच लाथेत कळलं. लाथ आली, पण रुसलेल्या पाहुण्यासारखी, उशिरा.

ताई गाता गाता थांबली. "हे काय वाजवलंस रे?"

धाकटा वाकून उगाच माझा लोखंडी पाय सरळ करू लागला.

"थांब गं," भाऊजी म्हणाले. काडीमोडानंतर ते तिच्याशी पहिल्यांदाच थेट बोलत होते. "ठोका लंगडतोय. पण काय झकास लंगडतोय. हाच ठेवू."

"मुद्दाम केलंस?" ताईने विचारलं.

धाकट्याने पेटीकडे पाहिलं. "मग काय, मुद्दामच."

झालं. त्या लंगड्या ठोक्यावर त्यांनी अंगाई बसवली, अंगाईवर रॉक चढवला आणि रॉकमध्ये पिपाणी घुसवली. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता, तरी सगळे बरोबर चालत होते. अल्बम गाजला. एका समीक्षकाने लिहिलं, की यात तीन संगीतप्रकारांचा संगम आहे. गुडघ्याला त्याने श्रेय दिलं नाही.

आता गावोगावी कार्यक्रम आहेत आणि धाकट्याला दर वेळी तस्संच लंगडावं लागतं. शेवटी तो माझ्यावर हात टेकून उठतो. लोकांना वाटतं, लाडाने थोपटतोय. ताई सांगते, अजून जरा उशिरा मार, लोकांना आवडतं. खरं काय ते मला ओरडून सांगायचंय. पण बोलायला मला त्याचाच गुडघा लागतो.

मित्रांनो, अशा वेळी जुन्या वस्तू जपा असं सांगायची रीत आहे. मला नाही जपलंत तरी चालेल. स्वेटरांची सवय आहे. संबंधितांस एवढीच नम्र विनंती, की अर्जदार ड्रमचा उजवा पाय सदर वादकास विनाविलंब बसवून देण्यात यावा. पाय लोखंडी असून आजवर एकदाही दुखलेला नाही. अर्जदार उरलेल्या पायावर उभा राहील.