खिडकीसमोरची दुरडी

इंदिराबाईंनी नाही म्हटलं आणि लिफ्टचा विषय तिथेच बारगळला.

गंगापूर रोडवरची ती इमारत बांधली तेव्हा सगळेच तिशीतले होते. दोन-दोन पायऱ्या गाळून जिना चढायचे. लिफ्ट हवी असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आता पोरं पुण्याला नाहीतर परदेशी, आणि घराघरात दोन-दोन म्हातारी माणसं गुडघे चोळत बसलेली. म्हणून सोसायटीचा सेक्रेटरी देवव्रत बाहेरच्या भिंतीला लिफ्ट लावायचा नकाशा घेऊन आला. वरच्या मजल्यांना गॅलरीतून दारं निघणार होती. तळमजल्यावर मात्र इंदिराबाईंच्या स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी बुजणार होती.

मला लिफ्टचा काय उपयोग, आणि भर दिवसा दिवा लावून पोळ्या कशाला लाटू, असं त्यांनी त्याला एकट्याला सांगितलं. म्हणणं काही खोटं नव्हतं. तो गेल्यावर त्यांचे यजमान वेणीमाधव हळूच म्हणाले, की तिसऱ्या मजल्यावरच्या मंगलाबाईंचा तरी विचार करायचा होता. त्यावर इंदिराबाईंनी भांडी जरा जास्तच जोरात आपटली.

मंगलाबाई त्यांची तरुणपणापासूनची मैत्रीण. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना जिना उतरता येईना, आणि इंदिराबाईंचे गुडघे जिना चढू देईनात. दोघी एकाच इमारतीत राहून फोनवर बोलायच्या. लिफ्टच्या आडवं कोण आलं हे इंदिराबाईंनी मैत्रिणीला सांगितलं नाही. माझं नाव कुठे काढू नकोस, असं देवव्रतलाही बजावलं.

चैत्र आला. मंगलाबाईंनी गौर मांडली. त्यांचे यजमान रंगनाथराव कठडा धरून भाजीला उतरत, पण हळदीकुंकू पुरुषाच्या हाती कसं पाठवायचं? बाईंनी सरळ गॅलरीतून दुरडी सोडली. इंदिराबाई आमटीला फोडणी देत होत्या, तोच खिडकीसमोर दुरडी येऊन डुलायला लागली. आत आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे, हळदीकुंकवाची कोयरी. इंदिराबाईंनी गजांतून हात घातला, कुंकवाचं बोट कपाळाला लावलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या खिडकीसाठी त्या अडून बसल्या, तिच्यातूनच मैत्रिणीचं वाण आलं होतं.

खिडकी घ्या म्हणून उद्या सांगू, परवा सांगू, असं त्या ठरवत राहिल्या. पण आता हो म्हणायचं, तर आधी नाही म्हणणारी मीच, हे मंगलापुढे उघडं पडणार. त्या लाजेपायी वैशाखही गेला. मग एक दिवस मंगलाबाईंचा मुलगा रोहित आईवडिलांना पुण्याला न्यायला आला. या जिन्यापायी आईला घराचा तुरुंग झालाय, असं तो वर जाता जाता इंदिराबाईंना म्हणाला.

दोघा हमालांनी मंगलाबाईंना खुर्चीत बसवून खाली आणलं. इंदिराबाईंच्या दाराशी मंगलाबाईंनी खुर्ची थांबवायला लावली आणि स्वयंपाकघर बघायचं म्हणाल्या. खिडकीतून कट्ट्यावर ऊन पडलं होतं. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"छान उजेड येतो गं," त्या म्हणाल्या. "देवव्रत बोलला होता मला तेव्हाच. मीच त्याला म्हटलं, इंदिराला भरीस घालू नकोस. तिचा सगळा दिवस या कट्ट्यापाशी जातो."

इंदिराबाईंना माफी मागायची होती. त्यांनी मंगलाबाईंचे हात धरले. पण तोवर रोहितने गाडी सुरू केली होती.

गाडी दिसेनाशी झाली तशा इंदिराबाई कठडा धरत पहिल्या मजल्यावर देवव्रतकडे गेल्या आणि खिडकी घ्या म्हणाल्या.

पुढच्या चैत्रात त्यांनी भर दुपारी दिवा लावून आंब्याची डाळ वाटली. कोयरी घेतली आणि लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर गेल्या. मंगलाबाईंच्या दाराला कुलूप होतं. पाटी तशीच होती. इंदिराबाईंनी चौकटीला हळदीकुंकवाची बोटं लावली आणि कुलपाकडे बघत उभ्या राहिल्या.

वर यायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.